फाटकाबाहेर राहिलेला हिराकस

फाटकाच्या आत लोखंड आणायचं नाही आणि ‘का’ विचारायचं नाही, हा आमच्या घरचा नियम!

तेरखेड्यात आमचा फटाक्यांचा छोटा कारखाना आहे. फाटकाशी लाकडी पेटी. किल्ल्या, पिना, अडकित्ते तिच्यात टाकायचे, मगच आत पाऊल. लहानपणी ‘का?’ म्हटलं की आप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, गुरकावायचे, “सांगितलं तेवढं कर!” ठिणगी उडते, एवढे दोन शब्द! पण तेही मला पुस्तकातूनच कळले. रसायनशास्त्रात एमएस्सी झाले तरी आप्पांचं उत्तर तेच. तुम्हीच सांगा, डोकं फिरेल की नाही?

आता या फिरलेल्या डोक्यानं काय दिवे लावले ते ऐका!

आमच्या रानाला लागून कचऱ्याचा डोंगर आहे. त्यातून काळंकुट्ट पाणी पाझरतं, ओढ्याला लागतं, आणि खाली विहिरीवर गुरं तोंड फिरवतात. ते पाणी स्वच्छ करायची रीत मी कॉलेजात शिकले होते. हवी होती फक्त आप्पांची रानातली रिकामी टाकी. आप्पा म्हणाले, “आधी मला अन् सरपंच तात्यांना करून दाव. न्हाय जमलं तर टाकीचं नाव काढायचं न्हाय.”

झालं! मी कारखान्याच्या अंगणात काळ्या पाण्याची बादली मांडली. समोर ओट्यावर आप्पा आणि तात्या. नाकाला उपरणी.

मी भाषण ठोकलं. पाणी आम्लानं आंबट करायचं. मग हिराकस, म्हणजे लोखंडाचं मीठ. मग या कॅनमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड. लोखंड त्याला चेतवतं आणि ते घाण जाळून टाकतं. विस्तवाशिवाय!

आम्ल घातलं. पेरॉक्साइड ओतलं. चार बुडबुडे आले, तेही लाजत लाजत.

“झालं व्हय?” तात्या म्हणाले.

“थांबा, वेळ लागतो.”

“पोरी, एवढ्या वेळात म्हैस व्याली असती की!”

मी काठीनं ढवळलं. पाणी तसंच काळं. मग मी म्हातारी माणसं विज्ञानाला वेळच देत नाहीत, यावर दुसरं भाषण सुरू केलं. आप्पांनी ते शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “ते लोखंडाचं मीठ कवा टाकलंस?”

मी पिशवी उपडी केली. हिराकस नाही!

“कुणी घेतला? तुम्हीच लपवला असणार!”

आप्पा फाटकाकडे गेले आणि पेटी उघडून उभे राहिले. किल्ल्यांच्या जुडग्यावर माझी हिराकसाची पुडी! आत येताना मीच काढून ठेवलेली. लोखंडाचं म्हणून! नियमावर आयुष्यभर भांडले मी, पण माझे हात केव्हाच आप्पांच्या पक्षात गेले होते.

तात्या हसून हसून ओट्यावर आडवे!

“चला बाहेर!” मी ओरडले.

रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली बादली नेली. हिराकस टाकला आणि थोडं थोडं पेरॉक्साइड ओतलं. काय फेस आला म्हणता! बादली कोमट झाली. मग चुन्याची निवळी घातली. जेवणं उरकेपर्यंत तांबडा गाळ तळाला आणि वर फिकट, नितळ पाणी. तात्यांनी भीत भीत नाक पुढं केलं.

“आरं, वास गेला की!”

आप्पा कितीतरी वेळ बादलीत बघत राहिले. “टाकी घे,” ते म्हणाले. “लागलं तर पायपाचं मी बघतो.”

माझा तर विश्वासच बसेना! आप्पा एवढे खुलले, की त्यांनी पेरॉक्साइडचा कॅन काखेत मारला. “चल, आत वाती वळणाऱ्या बायकांनाबी दाव. ती पुडीबी घे. आज लोखंडाला माफी!”

“नाही!” मी वाट अडवली. “मी आत काही नेणार नाही. तुम्हालाही नेऊ देणार नाही.”

“आता गं? लोखंडाला मीच परवानगी दिली ना!”

“लोखंडाचं सोडा, आप्पा! तो कॅन! त्यातलं पेरॉक्साइड फटाक्यांच्या दारूशेजारी सांडलं तर ठिणगीचीही वाट न बघता भडका उडेल. कारखान्यात असली वस्तू कुणी अडाण्यानंसुद्धा आणू नये!”

आप्पांनी काखेतल्या कॅनकडे बघितलं. मग माझ्याकडे.

“मग सकाळी आत कुणी आणला व्हता?”

“...मीच.”

तात्यांचं हसू जागीच थिजलं. आप्पा कॅन तसाच धरून उभे. दोघंही श्वाससुद्धा बेतानं घेत होते.