लोखंडाला मारायला हरकत नाही

पाप-पुण्याची इतकी बारीक चाळणी लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि आमच्या जळगावच्या घरमालकांनी ती लावली होती व्हिडिओ गेमला. वाटेत मुंगी दिसली तर पाऊल हवेत धरून उभे राहणारे, सूर्य मावळायच्या आत जेवणारे, बटाट्याचं नावही न काढणारे हे मारवाडी जैन गृहस्थ दिवसभर बसायचे कुठे, तर गोळीबाराचा कडकडाट चाललेल्या पार्लरच्या गल्ल्यावर. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो आणि शाळेत विज्ञान शिकवायचो. त्यामुळे जीव कशात आहे नि कशात नाही हे सरांना नक्की ठाऊक असणार, असं ते धरून चालत.

पार्लर त्यांच्या एकुलत्या एक मुलाचं. नव्वदीच्या सुरुवातीला वडिलांच्या कापडदुकानाचा अर्धा भाग अडवून त्याने सुरतेहून दोन मोठी मशीनं आणली. दोन्हींतले गेम इंग्रजी मारधाडीच्या विज्ञानपटांवरून केलेले. एकात भविष्यातले लोखंडी शिपाई शहरावर चालून येत, दुसऱ्यात परग्रहावरचे हिरव्या रक्ताचे प्राणी. सिनेमा सुटला की पोरं टॉकीजमधून थेट त्याच्याकडे यायची. हिरव्या रक्ताचं मशीन त्याचं लाडकं; गिऱ्हाईक नसलं की स्वतःच खेळत बसायचा. पार्लर जरा कुठे जम धरत होतं तोच त्याला कावीळ झाली आणि बघता बघता तो गेला.

आता मशीनं विकणार, असंच सगळ्यांना वाटलं. पण शेठजी स्वतः गल्ल्यावर येऊन बसले. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मात्र आत नुसती हिंसा चालते हे लक्षात आल्यावर त्यांनी एकेक शत्रू तपासायला घेतला. खुर्ची मशीनजवळ ओढायचे, चष्मा पुसायचे आणि ऐन लढाईत पोराला विचारायचे, की हा आत्ता पडला त्यात जीव होता का? साक्रीकडून होस्टेलला आलेला एक पोरगा कंटाळून अहिराणीत म्हणाला, "शेठ, हाई बठ्ठं लोखंड शे. यामा जीव नही."

सगळं लोखंडच आहे, एवढ्या ग्वाहीवर विसंबून न राहता ते मला घेऊन एसटीने धुळ्याला गेले, कारण लोखंडी शिपायांचा मूळ सिनेमा जळगावातून उतरून तिथे लागला होता. अंधारात प्रत्येक मरणाला माझ्या कोपराला हात लावून चौकशी व्हायची. उत्तरार्धात तर भलताच पेच पडला. एका शिपायाचं वरचं कातडं माणसाचं निघालं. "सर, कातडं माणसाचं आणि आत लोखंड. मग पाप किती धरायचं?" मागच्या रांगेतल्या कुणीतरी मला, या आजोबांना बाहेर न्या, असं सुचवलं. कातडं नुसतं चिकटवलेलं आहे, असं मी सांगितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. परतीच्या गाडीत पारोळ्याच्या आसपास त्यांनी निवाडा दिला, की लोखंडाला मारायला हरकत नाही. दुसऱ्या मशीनमधल्या प्राण्यांना मात्र रक्त होतं, आणि रक्ताच्या रंगाची चौकशी करायची त्यांना गरज वाटली नाही. दुसऱ्या दिवशी त्या मशीनवर त्यांनी दुकानातली नवी चादर घातली. मुलाचं लाडकं मशीन आपण झाकतोय हे त्यांना कळत होतं. चादरीचे कोपरे नीट करायला त्यांना फार वेळ लागला.

मुलगा गेल्यापासून शेठाणी खाली उतरल्या नव्हत्या. परीक्षेच्या दिवसांत एका दुपारी पार्लर रिकामं होतं, मी शेठजींशी बोलत बसलो होतो, आणि त्या डोक्यावर पदर घेऊन जिना उतरून आल्या. वर रोज एकाच मशीनचा आवाज येतो, त्याच्या मशीनचा का येत नाही, असं त्यांनी घरच्या मारवाडीत विचारलं. शेठजींनी रक्ताचं कारण सांगितलं. त्यांनी चादर ओढून काढली, बटण दाबून मशीन चालू केलं आणि हात पुढे केला. शेठजींनी गल्ल्यातलं नाणं त्यांच्या तळव्यावर ठेवलं.

खेळता कुठे येत होतं? डाव सुरू होतो न होतो तोच संपला. "इतक्या लवकर?" त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही.

शेठजींनी दुसरं नाणं दिलं. मग त्या गोळीच्या बटणावर मूठ आपटत राहिल्या. चातुर्मासात हिरवी भाजीसुद्धा वर्ज्य करणारी ती बाई, आणि पडद्यावर हिरवं रक्त उडत होतं, बांगड्या वाजत होत्या. शेठजी पाठ फिरवून रस्त्याकडे बघत उभे राहिले.

"सर," ते हळूच म्हणाले, "हे तिच्या नावावर नको. मशीन माझं आहे. माझ्या नावावर धरा."

दुसऱ्याचं कर्म असं आपल्या नावावर घेता येत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक होतं. मी 'बरं' म्हटलं.

त्या उन्हाळ्यात माझी जामनेरच्या शाळेत बदली झाली. निरोप घ्यायला खाली गेलो तेव्हा दोन्ही मशीनं चालू होती. शेठजी परग्रहाच्या लढाईत रंगलेल्या एका पोराच्या मागे उभे होते. त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "खेळ बेटा. पण लागतील तेवढेच मार." आणि त्या पोरानेही, का कोण जाणे, बटणावरचा हात जरा सैल सोडला.