पालकबाईंची सही

पालकबाई तपासणीला आल्या की खुर्चीवर बसत नसत. केंद्रप्रमुख खुर्ची पुसून पुढे करायचे, हातात गुलाबाचं फूल द्यायचे. बाई फूल टेबलावर ठेवून सरळ आत जायच्या आणि तिथं राहणाऱ्यांच्या सतरंजीवर मांडी घालायच्या. एकदा बसल्या की तासभर उठायचं नाव नाही. बाहेर आमचे साहेब घड्याळ बघत उभे.

जिल्ह्यातल्या बौद्धिक दिव्यांगांच्या केंद्रांची पाहणी करायला एक समिती होती आणि नियमाप्रमाणे तिच्यात एक पालक हवा होता. म्हणून मुर्री गावात ब्लाउज शिवणाऱ्या या बाईंना घेतलं. त्यांची मुलगी वैशाली सव्वीस वर्षांची, दोन-चार शब्दच बोलणारी. आई गरीब आहे, सांगू तिथं सही करील, एवढाच साहेबांचा विचार. ‘पालक प्रतिनिधी’चं ‘पालकबाई’ कचेरीत कुणीतरी थट्टेनं केलं आणि तेच राहिलं. मी विशेष शिक्षक. पाहणीचे फॉर्म भरायचं काम माझ्याकडे होतं.

ते मी कसे भरायचो हे सांगायला लाज वाटते. प्रश्न केंद्रप्रमुखांना विचारायचे, त्यांचीच उत्तरं उतरवायची आणि खाली लिहायचं, ‘समाधानकारक’. पहिल्याच दिवशी बाईंनी मला हटकलं.

“सर, इथं बरं वाटते का, हे तुमी याईले काऊन विचारून राहिले? राहते कोन इथं?”

“बाई, मुलांना सांगता येत नाही.”

“मुलं? तो मिशा फुटलेला मानूस तुमाले मूल दिसते का?”

त्यानंतर त्यांच्यासमोर ‘मुलं’ म्हणायची माझी छाती झाली नाही.

देवरीजवळच्या एका केंद्रात तिशीतला सुखदेव होता. तो बोलत नसे. आम्ही गेलो तेव्हा तो भिंतीवर डोकं आपटत होता आणि त्याचा एक हात ओढणीनं खिडकीच्या गजाला बांधलेला होता. रजिस्टरात आठ महिने एकच शब्द होता, ‘आक्रमक’. गुंगीचं औषध दोनदा वाढवलेलं. बाईंनी आधी गाठ सोडली.

“मॅडम, जरा संभाल के,” केंद्रप्रमुख म्हणाले, “काटता है ये.”

बाई त्याच्याशेजारी बसल्या. बोलल्या नाहीत, त्याला हात लावला नाही. साहेब कंटाळून गाडीत जाऊन बसले. तासाभरानं सुखदेवनं आपणहून बाईंचा हात धरला आणि स्वतःच्या डाव्या गालावर दाबला. बाईंनी त्याला हळूहळू तोंड उघडायला लावलं. माझ्या मोबाइलच्या उजेडात आम्ही पाहिलं. दाढ कुजून काळी झाली होती, हिरडीवर बोराएवढी गाठ आली होती आणि तिच्यातून पू येत होता.

“आता तो बोलतच नाही, तर आम्हाला कसं कळणार?” केंद्रप्रमुख म्हणाले.

“आठ महिन्यापासून तो बोलूनच राहिला. डोकं फोडून सांगून राहिला. अन् तुमी त्याले बांधून ठेवलं!”

बाईंचा आवाज चढला नव्हता. मग त्या माझ्याकडे वळल्या. “मांगच्या खेपेले इथं सही कोनाची हाये?”

माझीच होती. बाई समितीवर यायच्या आधीची, चार महिन्यांपूर्वीची, ‘समाधानकारक’च्या खाली. सुखदेव तेव्हाही त्याच भिंतीशी असणार. मी त्याच्यासमोरून गेलो असणार. मला काही आठवत नाही, आणि तेच मला आजही सहन होत नाही.

त्याच दिवशी बाईंनी सुखदेवला आमच्या सरकारी गाडीत बसवून दवाखान्यात नेलं. सूज उतरल्यावर दाढ काढली. डॉक्टरांनी गुंगीचं औषध कमी करत आणलं. पुढच्या खेपेला पाहिलं तर सुखदेव ओसरीवर उन्हात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता.

अहवाल मी खराखुरा लिहिला. तो वरून परत आला. ‘बांधून ठेवले’च्या जागी ‘सुरक्षिततेसाठी हालचाल मर्यादित केली’ असं घाला, अशी सूचना होती. बाईंनी सही करायला नकार दिला.

“तुम्ही भावनिक होताय,” साहेब म्हणाले.

“तुमच्या पोराचे हात कोनी बांधले तं तुमी असंच लिहान का?”

साहेबांनी फाइल मिटली. उत्तर नंतर आलं. समितीची मुदत संपली आणि नव्या यादीत बाईंचं नाव नव्हतं. त्यांच्या जागी आलेले पालक दुसऱ्या एका केंद्रप्रमुखांचे मेहुणे होते. त्यांना मी कधी पाहिलं नाही. त्यांच्या सह्या मात्र वेळेवर यायच्या.

बाई थांबल्या नाहीत. महिन्यातून एकदा, स्वतःला सुखदेवची मावशी म्हणवत, त्या एसटीनं देवरीला जात. फाटकावर अडवलं तर बाहेरच बसून राहत, आतून कुणी बोलावेपर्यंत. मी एकदा म्हटलं, “बाई, तब्येत बघा जरा.”

“मी मेल्यावर वैशालीही अशाच कोन्या घरात जाईन. तवा तिच्याजवळ कोनी जाऊन बसाले पायजे का नाही?”

गेल्या वर्षी बाईंची किडनी खराब झाली. गोंदियाच्या दवाखान्यात मी फळं घेऊन गेलो. वैशाली आईच्या पदराचं टोक धरून खाटेशी बसली होती. बाईंनी डोळे उघडले.

“या महिन्यात देवरीले गेलते का?”

“नाही बाई. कचेरीची गाडी मिळाली नाही.”

“एसटी बंद झाली का?” आवाज क्षीण होता, पण राग तोच. “मंग माह्याजवळ कायले येऊन बसले? तिकडं जा.” आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीनं देवरीच्या केंद्रात गेलो, कुणाला न कळवता. जेवणाची वेळ झाली होती, म्हणून थेट स्वयंपाकघरात शिरलो. बाईंच्या बहिणीचा फोन आला तेव्हा माझ्या हातातली पळी वरणाच्या पातेल्यात होती. बाई गेल्या होत्या.

मी पळी तळापर्यंत फिरवली. नुसतं पिवळं पाणी. शेजारी कर्मचाऱ्यांसाठी वेगळ्या डब्यात घट्ट वरण काढून ठेवलेलं होतं. स्वयंपाकी घाईघाईनं डब्यावर झाकण ठेवायला पुढे सरकला.

“झाकण राहू द्या,” मी म्हटलं आणि वही काढली.