गाण्यात राहिलेला श्वास

तिसगावातील आमच्या घराच्या मागच्या खोलीत धाकट्या भावाने गाण्यांचा स्टुडिओ थाटला, तेव्हापासून आमच्या घरातील सकाळ त्याच्या हुकमाने चालते. शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की भिंती घुमू लागतात. म्हणून गाण्याचे जे काम, ते त्याआधी. अंघोळ उरकून तो कॉम्प्युटर लावतो, दारात येतो आणि नुसता हात वर करतो. त्याबरोबर पंखा बंद, कुकर गॅसवरून खाली, शेळी गल्लीच्या टोकाला. खोलीच्या भिंतींना आमच्याच गोधड्या ठोकलेल्या आहेत. लग्नाची, जत्रेची, जयंतीची गाणी तो एकटाच बनवतो आणि गिरणी सुरू झाल्यावर कानांना हेडफोन लावून दिवसभर तेच तुकडे कापत, जोडत बसतो.

मी तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहितो. शिक्षण सातवीपर्यंत झाले. तथापि माझ्या मसुद्यात खाडाखोड करण्याची हिंमत आजवर एकाही कारकुनाने केलेली नाही. भावाच्या गाण्यांचे शब्द साहजिकच माझ्याकडे आले. यंदा जयंतीच्या गाण्याला त्याने मला थेट माईकसमोर उभे केले.

"दादा, तुमीच गा. शब्द तुमचं, ठसका बी तुमालाच जमनार."

कित्येक सकाळी मी गायलो. दुसऱ्या ओळीत माझा दम पुरत नसे. मध्येच श्वास घ्यावा लागे. पुन्हा घेऊ म्हटले तर तो म्हणे, "ऱ्हाऊ द्या, ग्वाड वाटतंय." यंदा मिरवणुकीत माझा आवाज वाजणार, हे मी कचेरीच्या आवारात प्रत्येकास सांगितले होते.

एके सकाळी नगरहून एक तरुण गायक आला. पाहुणा समजून मी त्याला चहा दिला, पंखाही स्वतः बंद केला. त्या शांततेत दाराआडचा शब्दन् शब्द मला ऐकू आला.

"हे कोन गातंय? आवाज फाटलाय, पन चाल पक्की हाय."

"आमचे दादा. पायलट म्हनून घेतलाय. तुमचं झालं की पुसायचा."

"त्यांना ठाव हाय का?"

"कशाला सांगायचं? खुशीत हायेत ते."

पायलट म्हणजे खरा गायक येईपर्यंत चाल समजावी एवढ्यासाठी घेतलेला आवाज, हे भावाने मला नंतर समजावले. "समदीकडं असंच असतंय, दादा." असेल. माझे सारे आयुष्य दुसऱ्याची तक्रार लिहून खाली त्याचा अंगठा घेण्यात गेले. त्याचे मला कधी वैषम्य वाटले नाही. कारण अर्ज कोणाचा, हे लिहिण्यापूर्वीच दोघांनाही ठाऊक असते. इथे ते एकट्यालाच ठाऊक होते, आणि तो माझ्या पाठीचा भाऊ.

मिरवणुकीच्या दिवशी गाणे चौकात दणाणले. कचेरीतील शिपाई माझ्या खांद्याला खांदा लावून उभा होता.

"काय हो अर्जवाले, तुमचा गळा एवढा कवळा कधी झाला?"

तेवढ्यात दुसरी ओळ आली. त्या पोराच्या छातीत दम भरपूर होता, तरीही तो नेमका माझ्या जागी थांबला, श्वास घेतला आणि पुढे गेला. माझे ऐकूनच तो गाणे शिकला होता. त्याला वाटले असावे, चालच तशी आहे. तो श्वास माझा होता. पण हे शिपायाला कोणत्या शब्दांत सांगावे, ते मला, शब्दांवर पोट भरणाऱ्याला, सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ दारात आला. "दादा, नवी चाल हाय. या जरा." त्याने हात वर केला. माझ्या पत्नीचा हात सवयीने पंख्याच्या बटणाकडे गेला.

"राहू दे," मी म्हणालो.

"अवो, भाऊजी थांबल्यात."

"थांबू दे."

पंखा फिरत राहिला, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, आणि मग शेजारची गिरणी सुरू झाली.