दीक्षेच्या दिवशी माय कुठे होती

शाळेत प्रार्थनेआधी फळ्यावर दिनविशेष लिहायचं काम माझ्याकडे होतं. अक्षर बरं होतं म्हणून. मराठीच्या बाईंनी एक छापील पुस्तिका दिली होती. तीत प्रत्येक तारखेपुढे चार-पाच ओळी असत: अमक्या साली लढाई, तमक्या शास्त्रज्ञाचा जन्म, कुठल्यातरी देशाच्या धावपटूचा विक्रम. मी ते खडूने उतरवून काढायची आणि उतरवता उतरवता माझ्या मनात पाल चुकचुकायची. ही सगळी माणसं नेमक्या तारखेला कशी जन्मली? कोणी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जन्मला, कोणी मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत, असं एकही नाही. यांच्या आयांना तारीख कोणी सांगितली? की यांनाही कोण्या हेडमास्तरांनी ती देऊन टाकली होती?

आम्हाला तर देऊनच टाकली होती. आमच्या वस्तीतलं पोरगं पहिल्या वर्गात घालायला नेलं की गुरुजी विचारत, "जन्म केव्हाचा?" आई-बाप एकमेकांकडे बघत. मग गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन दुसऱ्या बाजूचा कान पकडायला लावत. कान हाती लागला की सहा वर्षं पूर्ण, आणि तारीख एक जुलै. त्यामुळे आमच्या शाळेत एक जुलैला अर्धा वर्ग एकदम वर्षाने मोठा व्हायचा. पुस्तिकेत त्या तारखेला जन्मलेला एकच माणूस होता आणि तो बिचारा आमच्यापुढे अगदीच एकटा दिसायचा.

मी संशयी आहे. जन्मापासून आहे, असं म्हणायला हवं, पण तो जन्मच संशयात सापडलेला. आजही दूधवाल्याच्या हसण्यात मला पाणी दिसतं. नवरा म्हणायचा, तू पोलिसात जायला हवं होतंस. पण या संशयाची सुरुवात दूधवाल्यापासून झाली नाही, माझ्या मायपासून झाली.

पुस्तिकेत चौदा ऑक्टोबरच्या पानावर बरंच काही होतं, फक्त आमचं नव्हतं. छपन्न साली त्या दिवशी, दसऱ्याला, नागपुरात लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आमच्या घरातली, शेजारची, समोरची सगळी माणसं त्यात होती. वस्तीत काळ मोजायचा तो त्या दिवसापासून. लग्न दीक्षेच्या आधीचं, विहीर दीक्षेच्या नंतरची, म्हातारी दीक्षेच्या पुढच्या उन्हाळ्यात गेली. मी ते फळ्यावर स्वतःच्या मनाने लिहिलं. बाईंनी पुसलं नाही, पण पुस्तिका उघडून पडताळून मात्र बघितलं. मग मीही त्यांच्याकडे जरा तिरकं बघायला लागले.

माझ्या मायला वस्तीत मोठा मान होता तो या दिवसामुळे. दर दसऱ्याला विहारात बाया जमायच्या, मेणबत्त्या लागायच्या आणि कोणीतरी म्हणायचं, "सांग वं, तू सांग." मग माय पांढऱ्या साडीचा पदर डोक्यावर घेऊन पुढे बसायची. दीक्षेच्या वेळी आमचं घर नागपूरजवळच्या कन्हानला होतं, बाबा खाणीवर होते. मी झाल्यावर ते नागपूरच्या गिरणीत लागले आणि आम्ही इथे आलो. तर माय सांगायची की कन्हानहून सारे पहाटेच निघाले, पुलावर पांढऱ्या कपड्यांची रांग लागली, कोणाच्या पायात वहाण होती, कोणाच्या नव्हती. मैदानात धूळ इतकी की शेजारची बाई दिसत नव्हती, पण भोंग्यातला एकेक शब्द ऐकू येत होता. सगळे प्रतिज्ञा म्हणायला उभे राहिले तेव्हा एक म्हातारा हात जोडायचं विसरून नुसता रडत होता. म्हाताऱ्यापाशी आलं की बायांचे पदर डोळ्याला जायचे. समोरच्या घरातल्या, साऱ्या वस्तीच्या आत्या, त्याही दीक्षेला गेलेल्या, त्याही सांगायच्या, पण मायसारखं त्यांना साधायचं नाही. आत्यांचा नवरा गांधीबागेत कापडाचे गठ्ठे उचलायचा आणि आत्यांचा आवाज त्या गठ्ठ्यांपेक्षा जड होता. तरी मायच्या वेळी त्या गप्प बसायच्या.

बाबा मात्र मायचं सांगणं सुरू झालं की उठायचे. कधी सायकलच्या चाकात हवा भरायची असायची, कधी तंबाखू संपलेला असायचा. दर वर्षी त्याच वेळी चाकातली हवा कशी जाते, हे मी मनात टिपून ठेवलं.

आणि दुसरी एक गोष्ट होती. घरात मी हट्ट केला, रुसले, की माय मला जवळ घेऊन म्हणायची, "तू तं दीक्षेच्या दिवशी झाली वं. येरीगबाळी नाई तू." मला फार बरं वाटायचं. आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत बरंच वाटत होतं. मग एका दसऱ्याला विहारात गोष्ट ऐकताना माझ्या डोक्यात आलं, की या साऱ्या गर्दीत, धुळीत, पुलावर, मी कुठे आहे? घरी आल्यावर विचारलं.

"होती नं," माय म्हणाली, "पोटात."

"मग त्याच दिवशी झाली कशी? मैदानात झाली?"

"लय डोकं चालून राहिलं तुहं. भाकर खा."

मी भाकर खाल्ली, पण तेव्हापासून दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या मानायचं सोडलं. वस्तीत दीक्षेच्या दिवशी झालेली म्हणून सांगितली जाणारी आणखी सहा-सात पोरं होती. सगळ्यांच्या आयाही मैदानावर होत्या. मला वाटायचं, हा बायांनी मिळून ठरवलेला बनाव आहे.

बहात्तर साली शाळेचा मुलींचा खो-खोचा संघ पहिल्यांदाच विभागाच्या स्पर्धेला जायचा होता. मी संघात होते आणि चांगली होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. पळताना मला खांबाआड कोण वळणार, कोण फसवणार, हे आधीच कळायचं. संशयी माणसाला खो-खो छान येतो. आमच्या घरातलं कोणी तोवर नागपूर सोडून कशाला गेलं नव्हतं, लग्न-मयत सोडून. मला जायचं होतं. इतकं की रात्रभर झोप लागायची नाही.

मग वयाचा नियम आला. सोळाच्या आत हवं, म्हणजे छपन्नच्या ऑगस्टआधी जन्मलेली मुलगी चालणार नाही. शाळेच्या लेखी मी एक जुलैची. महिनाभराने म्हातारी. माझ्यासारख्या दोघी आणखी होत्या. त्यांच्या आया हेडमास्तरांना भेटून आल्या आणि दोघींनीही सांगितलं, पोरगी दीक्षेच्या दिवशीची. हेडमास्तर भले गृहस्थ होते, पण तेही शेवटी माणूसच. मला म्हणाले, "त्या दिवशी तुमच्या वस्तीतलं कोणी न जन्मता राहिलं का गं? तुझ्या आईला आण. आणि सोबत वस्तीतलं कोणी जाणतं माणूस आण, जे त्यांच्या खरेपणाची हमी देईल. मी समोर बसवून विचारणार."

मी मायला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली.

"माय, खरं काय ते मले आत्ता सांग. तू मैदानात होती, का मी त्या दिवशी झाली? दोन्ही नाही होऊ शकत."

"काहून नाई होऊ शकत?"

"नाही होऊ शकत."

तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "आत्याले सांग, उद्या शाळेत चालाचं हाय म्हणा."

मला राग आला. म्हणजे हीही खोटं बोलणार, आणि तेही आत्यांना सोबत घेऊन. तिला मैदान जास्त प्यारं, मी नाही, असं मला त्या रात्री स्पष्टच वाटलं. बाबांना विचारायला गेले तर ते म्हणाले, "तुह्या मायले विचार," आणि कूस बदलली. सगळं घरच मला सामील वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या खोलीत माय आणि आत्या खुर्च्यांवर बसल्या, मी दाराशी उभी. आत्या धुतलेलं लुगडं नेसून आल्या होत्या आणि आल्या आल्याच त्यांनी तोंड उघडलं.

"सर, हे बाई खोटं बोलणारी नाई. सारी वस्ती हिले मानते. दीक्षेले तं कन्हानहून पायी गेली, अगदी समोर उभी होती. दर वर्षी सांगते, आमाले रडवते. हिच्या शब्दावर तुमी डोळे मिटून विश्वास ठेवा."

हेडमास्तरांनी चष्मा काढला. मला तेव्हाच कळलं काय झालं ते. आत्यांनी हमी दिली आणि त्याच हमीने माझी वाट बंद केली.

"बाई," हेडमास्तर मायला म्हणाले, "मुलगी दीक्षेच्या दिवशीची म्हणता. आणि या म्हणतात, तुम्ही त्या दिवशी मैदानात होता. कन्हानहून चालत गेलात. मग बाळंतपण कुठे झालं?"

माय टेबलाकडे बघत होती. आत्यांचं तोंड उघडं ते तसंच राहिलं. मला वाटलं, माय आता म्हणेल, सर, चुकलं, पोरगी नंतरची आहे. एवढं म्हटलं असतं तर तिचं काहीच गेलं नसतं. दसऱ्याचा मान राहिला असता, आत्या राहिल्या असत्या, गेली असती फक्त माझी स्पर्धा. 

"मी नोती गेली," माय म्हणाली.

हेडमास्तरांनी हातातला चष्मा टेबलावर ठेवला.

"पहाटेच कळा सुरू झाल्या. सारे पांढरे कपडे घालून निघाले. हिचा बाप जात नोता, मीच म्हटलं जाय, दोघांतला एक तं जाय. घरी मी आन् एक आंधळी म्हातारी. सूर्य कलला तवा हे झाली. रात्री हिचा बाप आला तं त्याले मी झोपू देल्लं नाई. म्हटलं सांग, पुलावर काय झालं, मंग काय झालं, कोण रडलं. तेच सांगत आली मी. साडी घेऊन ठेवली होती सर. मोडली नोती तिची घडी."

आत्या तिच्याकडे बघत म्हणाल्या, "मंग इतके वर्सं?"

मायने पदर डोक्यावर सारखा केला. हेडमास्तरांनी चष्मा परत लावला आणि मला म्हणाले, "जा. सरावाला जा." आपलं नुकसान करून घेऊन कोणी खोटं बोलत नाही, एवढं त्यांना कळत होतं.

मी स्पर्धेला गेले. रेल्वेत खिडकीशी बसले, परक्या गावच्या मैदानावर खेळले. पहिला सामना आम्ही जिंकला, दुसऱ्यात सपाटून मार खाल्ला. कुठल्या दिनविशेषात लिहावं असं काही घडलं नाही. पण मी आनंदात होते, आणि त्या आनंदाची किंमत काय लागली ते परत आल्यावर दिसलं. खोलीतली गोष्ट वस्तीभर झाली होती. नळावर माय गेली की बायांचं बोलणं दुसऱ्याच विषयावर जायचं. कोणी तिला टाकून बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, मायला भांडता तरी आलं असतं.

दसरा आला. माय पांढरी साडी नेसून विहारात गेली आणि मागे भिंतीशी बसली. मी तिच्या शेजारी. मेणबत्त्या लागल्या. या वर्षी कोणीतरी आत्यांना म्हणालं, "तुमी सांगा." मला वाटलं, आत्यांना हेच हवं होतं. त्यांनीच खोलीतली गोष्ट बाहेर नेली असणार, इतकी वर्षं मायची असलेली पुढची जागा मिळवायला. मी दातओठ खात त्यांच्याकडे बघत होते. आत्या उभ्या राहिल्या, मैदानात लय गर्दी होती म्हणाल्या, धूळ होती म्हणाल्या, आणि खाली बसल्या. एवढंच. एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाईकडे दोनच वाक्यं निघाली, हे मला खटकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या आमच्याकडे आल्या. चाळणी मागायला आले म्हणाल्या. त्यांच्याकडे चांगली चाळणी होती, मी पाहिलेली होती. माय चुलीपाशी होती. आत्या उंबऱ्यातच बसल्या आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाल्या,

"मीही नोती गेली वं."

मायने वळून पाहिलं.

"सासूले ताप होता. उलट्या होऊन राहिल्या होत्या. घरातले सारे गेले, मले म्हणे तू थांब. मी दारात उभी राहून रस्त्यानं जाणारे लोकं पाह्यत होती दिवसभर. धूळ दारातही होतीच."

चुलीवरचं पाणी उकळायला लागलं होतं. मायने त्यात चहापत्ती टाकली, पण तिची नजर आत्यांवरून हलली नाही. तेव्हा मला कळलं, माझा स्वभाव कोणाकडून आला आहे.

"खरं सांगून राहिली," माय म्हणाली, "का माह्यं मन राखाले?"

आत्यांनी कप पुढे केला. त्यानंतर त्यांनी या विषयावर कधी तोंड उघडलं नाही. दोघीही आता नाहीत. आत्या आधी खोटं बोलत होत्या की त्या दुपारी खोटं बोलल्या, हे मी पुष्कळ वेळा ताडून पाहिलं आहे, आणि माझ्या उभ्या आयुष्यात हा एकच संशय असा आहे, की जो फिटू नये असं मला वाटतं.