पाखरांचं पाणी

बाबा गेल्यावर मी आईला नागपूरहून कॅनडात, ग्वेल्फला घेऊन आलो, तेही ऐन हिवाळ्याच्या तोंडावर. चार महिने ती खिडकीशी बसून राहिली. भांडी मशीन घासायचं, कपडे मशीन धुवायचं आणि नातीला डब्यात सँडविचच हवं असायचं. "इथे माझं काय काम?" हे ती इतक्यांदा म्हणाली की शेवटी वैतागून मी तिचं एप्रिलअखेरचं परतीचं तिकीट काढून टाकलं. काढलं आणि लगेच पस्तावलो. तिकडे त्या रिकाम्या घरात ती एकटी राहणार. पण बोलायला गेलो की आमचं भांडणच व्हायचं.

पाडवा झाला आणि दुसऱ्या दिवशी आईने घरामागच्या लाकडी डेकच्या कठड्यावर पाण्याचं वाडगं ठेवलं. चैत्र लागला की पाखरांना पाणी ठेवायचं, हा तिचा नागपूरचा चाळीस वर्षांचा नेम. अंगणात अजून बर्फाचे ढीग होते.

"आई, इथे पाखरं तहानेने नाही, गारठून मरतात."

"तुला विचारलं का मी? चैत्र आहे, पाणी ठेवून राहिले."

तासाभरात वाडगं गोठलं. तिने केटलमध्ये पाणी तापवलं, माझा कोट चढवला, माझेच बूट घातले आणि वाडग्यावर गरम पाणी ओतून बर्फाची चकती सोडवली. ती चकती आणि केटलमधलं उरलेलं पाणी खालच्या वाफ्यात टाकून वाडगं पुन्हा भरलं. मग हे दिवसातून पाच-सहा वेळा सुरू झालं. मी यथेच्छ थट्टा केली. पाखरू मात्र एकही फिरकलं नाही. पुढे पुढे मीही ऑफिसचं काम सोडून चोरून त्या वाडग्याकडे बघू लागलो.

एप्रिलमध्ये बर्फ गेला, तरी जमीन गोठून दगडासारखी कडक असायची. एका रविवारी माझी लेक ओरडली, "आजी, लुक! द रॉबिन्स आर बॅक!"

दक्षिणेकडून परतलेली, नारिंगी पोटाची एक रॉबिन अंगणात उतरली होती. वाडग्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. टुणटुण उड्या मारत ती थेट वाफ्यात गेली. सगळ्या अंगणात तेवढीच वीतभर माती आईच्या पाण्याने मऊ झाली होती. चोचभर चिखल घेऊन ती डेकच्या दारावरच्या दिव्यावर जाऊन बसली. परत आली, परत नेला. दुपारपर्यंत दिव्यावर चिखलाचं कडं तयार झालं.

"पाणी नाही प्यायली," आई म्हणाली, "चिखल घेऊन गेली मेली!" आणि हसत सुटली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. मी उगाच केटल भरायला आत गेलो.

संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. "तिकिटाची तारीख बदलता येते का रे? आपल्या चिखलाचं घर बांधून राहिली ती. मध्येच कसं सोडून जायचं? पिल्लं उडाली की जाते."

"येते की," मी म्हणालो आणि लगेच फोन उघडला. तारीख बदलण्याआधी रॉबिनबद्दल जरा वाचलं. ही पाखरं एका उन्हाळ्यात दोनदा, कधी तीनदाही अंडी घालतात.

हे मी आईला सांगितलं नाही.