संजीवनी सिस्टरचा शब्द

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात वीस खाटांचं एक खासगी हॉस्पिटल आहे. तिथे बावीस वर्षं नोकरी करणाऱ्या संजीवनी सिस्टरबद्दल एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. ही बाई खोटं बोलत नाही. आता नर्स म्हटली की थोडंफार खोटं आलंच की हो! 'अजिबात दुखणार नाही' म्हणायचं आणि सुई टोचून मोकळं व्हायचं, ही रोजची रीत. संजीवनी सांगायची, "दुखणार. दहापर्यंत मोजा, तोवर संपेल." पोरं रडायची, पण मोजायची. बाकीच्या सिस्टर सकाळीच दिवसभराचा ताप अंदाजाने चार्टवर भरून ठेवत. ही मात्र दर चार तासांनी थर्मामीटर घेऊन खाटेशी हजर. "तुला काय अवॉर्ड मिळणारे का गं?" मनाली सिस्टर चिडवायची. अवॉर्ड कसलं डोंबलाचं! चहासुद्धा गार व्हायचा तिचा.

हे खूळ आलं कुठून, तर बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या विहारातून. वडील लहानपणी दर रविवारी तिला तिथे न्यायचे. पंचशील म्हणताना चौथं शील आलं, 'मुसावादा वेरमणी', म्हणजे मी खोटं बोलणार नाही, की वडील हळूच तिच्याकडे बघायचे. सात वर्षांच्या पोरीला वाटलं, हे खास आपल्यासाठीच लिहिलंय. वडील गेले, पोरगी शेहेचाळीसची झाली, पण ते बघणं काही तिच्या पाठीवरून उतरलं नाही.

पेशंटचं काही खरं नसलं तर ती गप्प राहायची. 'डॉक्टरांना विचारा' म्हणायची आणि चादर नीट करायला लागायची. वॉर्डात त्याचाही अर्थ लोकांनी लावून ठेवला होता. संजीवनी सिस्टर 'बरे व्हाल' म्हणाली की माणूस निर्धास्त झोपायचा. तिच्या शब्दाला असं वजन आलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा थोडा गर्वही होता.

गेल्या हिवाळ्यात अंबरनाथजवळच्या गावातली बनूबाई भरती झाली. आगरी घरातली सत्तरीची म्हातारी, जीभ तिखट, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पोटातली गाठ पार यकृतापर्यंत पोचलेली. डॉक्टरांनी मुलाला, भावेशला, बाजूला घेऊन सांगितलं, फार तर आठवडा. भावेश रडला, डोळे पुसले आणि पहिलं वाक्य बोलला ते हेच, "आईला कळता कामा नये." आपल्याकडे असंच असतं. जिचं मरण, तिला सोडून सगळ्यांना माहीत.

पण बनूबाई काय दूधखुळी होती? तिने जेवण सोडलं. सलाइनची नळी दोनदा उपसली. आणि सुनेला, उन्नतीला, म्हणाली, "विठाला बोलाव."

विठा ही तिची धाकटी बहीण. बारा वर्षं दोघी बोलत नव्हत्या. विठा धवलारीण, लग्नात धवले गाणारी. पाच गावांत तिच्या आवाजाशिवाय हळद लागायची नाही. आणि भावेशच्याच लग्नात बनूबाईने कसल्याशा रुसव्यात दुसऱ्या गावची धवलारीण आणली. सख्खी बहीण मांडवाच्या कोपऱ्यात बसून परकीचं गाणं ऐकत राहिली, न जेवता उठली, ती पुन्हा त्या घरात आली नाही. आता उन्नतीने फोन लावल्यावर मात्र विठा लगेच म्हणाली, "आज सांजेला येतंय."

त्याच दुपारी भावेशने संजीवनीला गाठलं. "सिस्टर, आई आमचं ऐकत नाय. सारखी विचारते, ती संजीवनी काय बोलली? तुम्ही फक्त एकदा बोला, बरी होशील. दोन घास तरी जातील हो पोटात." बोलता बोलता त्याने तिच्या पायांना हात लावला. तिने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "झूठ मत समझो सिस्टर, दवा समझो।"

संजीवनी खाटेशी गेली. बनूबाईचे ओठ सुकून फुटले होते. "मना खरं सांग गो बाय," म्हातारी म्हणाली, "मी घरी जाईन का?"

इतकी वर्षं अशा वेळी ती चादर नीट करायची. त्या दिवशी तिला ते जमलं नाही. तिची नजर म्हातारीच्या त्या ओठांवरून हलेना. ती म्हणाली, "जाल आजी. बऱ्या होऊन जाल."

आणि काय सांगावं! बनूबाई उठून बसली. वाटीभर पेज प्याली, वर सुकटीची चटणी मागितली. डॉक्टर खूश, भावेश खूश. संजीवनी सलाइनचा वेग बघत होती, तेवढ्यात म्हातारी उन्नतीला म्हणाली, "विठाला सांग, येऊ नको. मी बरी होतेय ना? मीच जाईन तिच्या दारात, चालत. अशी आडवी पडून माफी मागितली तर बोलंल, मरताना सुचलं हिला." उन्नतीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली, तशी तिने फोन केला.

संजीवनीने भावेशला बाहेर व्हरांड्यात ओढलं. "मावशींना येऊ द्या, पाया पडते मी तुमच्या."

"आता नको सिस्टर. मावशी आली की गळ्यात पडून रडणार, आईला डाउट येणार. जेवतेय ना ती? जेवू द्या."

डॉक्टर म्हणाले, घरच्यांचा मामला आहे. विठाचा नंबर उन्नतीच्या मोबाइलमध्ये, आणि मागायचा तर कुठल्या नात्याने? दोनदा ती खाटेपर्यंत जाऊन नुसता ताप बघून परतली. तिसऱ्यांदा बोलली, "आजी, मावशींना आजच बोलवा ना."

बनूबाई केस विंचरत होती. तिचा हात थांबला. "का गो? घाई कसली? तूच बोललीस ना बरी होईन?" मग तिने संजीवनीच्या डोळ्यांत बघितलं. "खोटं बोललीस का काय?"

भावेश उशाशी उभा होता. त्याने हात जोडले. इतका वेळ जेवायला नकार देणारी म्हातारी सुकटीच्या वासाची बोटं पदराला पुसत वाट बघत होती. एकदा तोंडातून गेलं की दुसरं आपोआप येतं, हे संजीवनीला शेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. ती म्हणाली, "नाही आजी."

"मग?" म्हणून बनूबाई हसली आणि पुन्हा विंचरायला लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिची शुद्ध हरपली. भावेशने घाईघाईने मावशीला फोन केला. विठा पोचली तेव्हा खाटेवर चादर तोंडापर्यंत ओढलेली होती.

दहावं झाल्यावर विठा एकटीच हॉस्पिटलात आली. बारीक, सावळी, आवाज अगदी खोल गेलेला. तिने संजीवनीला बाकावर बसवलं. "तू तिच्याजवळ होतीस म्हणं. मना एक सांग. आधी ये बोलली, मग नको बोलली. अजून राग होता का तिच्या मनात?"

आता तरी खोटं बोलायचं नाही, असं संजीवनीने मनाशी ठरवलं. तिने सगळं सांगितलं. बनूबाई बरी होऊन चालत येणार होती, माफी मागणार होती. तिने तुम्हाला थांबवलं ते माझ्या शब्दावर. मी खोटं बोलले, आणि तिने विचारल्यावर पुन्हा बोलले. सांगताना ती रडत होती. विठाने दोन शिव्या घालाव्यात, एक थोबाडीत द्यावी, असं तिला मनापासून वाटत होतं.

विठाने संजीवनीच्या हातावरून हात फिरवला.

"राग होता, असंच सांगायचंस गो," ती म्हणाली. "रागाची सवय होती मना, बारा वर्सांची. आता ह्याचं मी काय करू?"