आत्यासाठी पाहिलेल्या दोन जागा

आत्यासाठी जागा बघायला मी मोजायची टेप घेऊन गेलो होतो. हे सांगताना आधी मला हसू येतं, आणि मग येत नाही.

मी रस्त्यांच्या कामावर ओव्हरसियर होतो. आमचा यवतमाळ जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याला तीन-चार वर्षं झाली असतील. गावोगाव रस्त्यांची कामं निघाली होती आणि महिन्यातले वीस दिवस मी तंबूत राहायचो. दारव्ह्याला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. तिथं मी आणि आत्या, एवढंच घर. आत्या वडिलांची थोरली बहीण. बाराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली ती तेव्हापासून लाल आलवणात. आई मी पाच वर्षांचा असताना गेली, वडील मॅट्रिकच्या साली. मला वाढवलं ते आत्यानं. लग्न मी केलं नाही. त्याची कारणं इथं सांगत बसत नाही.

आत्याचं सोवळं कडक होतं. तिची चूल वेगळी, पाणी वेगळं. मला वाढायची, माझं झालं की सगळं आवरायची आणि मग स्वयंपाकाच्या खोलीचं दार आतून लावून एकटी जेवायची. तेही एकच वेळ. इतकी वर्षं तिच्या हातचं खाल्लं, पण तिला घास घेताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यात काही वेगळं आहे असंही वाटलं नाही. दार लागलं म्हणजे आत्या जेवते आहे, एवढंच कळायचं.

एकदा कॅम्पवरून आलो तर तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला. डोळ्यांत मोतीबिंदू, चुलीतलं लाकूड कुठवर पेटलं आहे ते दिसलं नव्हतं. दोन दिवस ती तशीच होती.

"अगं, कोणाला हाक नाही मारलीस?"

"कोणाले मारू? तू तं नव्हता."

ती रागानं बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. ती साधं उत्तर देत होती.

म्हणून जागा शोधायची ठरवली. म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर ठेवायचं म्हणजे तेव्हा अब्रूचा प्रश्न. यवतमाळच्या काकांचं पत्र आलं, लोक तोंडात शेण घालतील. तिला आपल्याकडे आणून सोड, असं मात्र त्या पत्रात कुठंही नव्हतं. मी पत्र फाडलं आणि तिला घेऊन निघालो.

पहिली जागा यवतमाळच्या अलीकडे होती. एक वृद्ध खादीधारी जोडपं निराधार म्हाताऱ्यांसाठी आश्रम चालवत होतं. दारव्ह्याहून आम्ही छोट्या रेल्वेगाडीनं गेलो. ही गाडी इतकी हळू चालायची की उतारू मध्येच उतरून बोरं तोडून परत चढायचे. आश्रमात पोचलो तेव्हा मी लगेच टेप काढली. पायऱ्या उंच होत्या. विहीर खोल्यांपासून लांब. कौलं दोन ठिकाणी सरकलेली. झोपायला एकेका खोलीत चार-चार बाया. मी मनातल्या मनात एकेक गोष्ट बाद करत चाललो होतो.

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. ओसरीत समोरासमोर दोन पंगती बसल्या, एक पुरुषांची, एक बायांची, पळसाच्या पत्रावळींवर. सगळ्या जातींच्या बाया. एक विणकराची विधवा, एक कोलाम म्हातारी, एक तांड्यावरची लमाणीण, तिच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. आत्या खांबाला धरून उभी होती. लमाणीणीनं तिच्याकडे पाहिलं, पत्रावळीसकट बाजूला सरकली आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर हात थोपटला.

"आव याडी, बेस."

तिच्या बोलीत याडी म्हणजे आई. मी घाईघाईनं पुढं झालो. "नाही नाही, त्यांचं सोवळं आहे. त्या असं कुणाबरोबर जेवत नाहीत."

बाई ओशाळली. हात मागं घेतला. मी पुरुषांच्या पंगतीत बसून भाजी-भाकरी खाल्ली आणि आत्यानं अंगणातल्या निंबाच्या पारावर, सगळ्यांकडे पाठ करून, पदरात बांधून आणलेली दोन केळी खाल्ली. आपण तिची लाज राखली, याचा मला चक्क अभिमान वाटत होता.

परतीच्या गाडीत ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. तिला बाहेरचं फारसं दिसत नव्हतं. मग म्हणाली, "त्या रोज अशाच बसतात काय रे?"

"हो ना. म्हणून तर म्हणतो, तुला जमायचं नाही."

"सगळ्या एकाच वक्ती?"

"सगळ्या. जाऊ दे, तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस? दुसरी जागा आहे ना."

तिनं तोंड पुन्हा खिडकीकडे वळवलं. माझ्या मते तिला किळस आली होती.

दुसरी जागा आर्णीच्या बाजूला, नदीकाठचा एक मठ. तिथं गेल्यावर माझ्या टेपला काही बोलायला जागाच उरली नाही. विधवा बायांसाठी ओळीनं खोल्या, प्रत्येकीला स्वतःची खोली, खोलीत स्वतःची चूल. सोवळ्याची वेगळी विहीर बारा पावलांवर. उंबरठा वीतभरही नाही. लाकडं-पाणी आणून द्यायला एक बाई. मंदिराच्या घंटेशिवाय आवाज नाही. सकाळी खोल्यांची दारं लागलेली, दुपारी लागलेली, सगळं कसं शिस्तीत.

"कशी वाटते?" मी विचारलं.

"तुले बरी वाटते ना? मंग झालं."

हे उत्तर मी होकार म्हणून घेतलं. तिची ट्रंक, तांब्याची घागर आणि देव त्या खोलीत मांडून दिले आणि मोटारीत बसलो. खोल्यांच्या ओळीपुढं ती उभी होती. मोटार कोणत्या बाजूला गेली हे तिला नीट दिसलं नसावं, कारण ती दुसरीकडेच बघत राहिली.

पाच महिन्यांनी मठाच्या व्यवस्थापकांचं कार्ड आलं, भेटून जावे. मी घाबरून गेलो. आत्या बरी होती. व्यवस्थापकांनी मला बाजूला घेतलं.

"तुमच्या आत्याबाईंना जरा समजवा. जेवताना दार लावत नाहीत. ताट घेऊन सरळ उंबरठ्याशी बसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर पडते. दुसऱ्या बायांच्या तक्रारी आहेत. म्हणतात, सोवळं मोडते."

मला हसावं की चिडावं कळेना. माझी आत्या, आणि सोवळं मोडते! भरदुपारी तिच्या खोलीशी गेलो तर खरंच दार सताड उघडं. उंबरठ्याजवळ ताट, ताटात भात आणि वरण, आणि आत्या समोरच्या ओळीतल्या बंद दारांकडे तोंड करून बसलेली. अजून तिनं घास घेतला नव्हता.

"आत्या, हे काय चालवलंयस? काहून दार लावत नाहीस?" रागाच्या भरात माझ्याही तोंडात तिचीच बोली आली.

ती दचकली, मग माझा आवाज ओळखून शांत झाली.

"बारा वर्षाची होती, तवापासून दार लावून जेवून राह्यली मी," ती म्हणाली. "कोण्या भिंतीवर किती पोपडे आहेत ते मले ठाऊक आहे. आता डोये गेले, भिंतही दिसत नाही. वाटलं, कोणी तरी जाईन इकडून. म्हणीन, जेवली काय वं?"

मी चपला काढून उंबरठ्याशी बसलो.

"ती लमाणीण सरकली होती माह्यासाठी. मी बसतच होती रे. तू मधातच बोलला."

"मग गाडीत का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? तुह्या बापानं अन् तुह्या आजानं माह्या सोवळ्याची लाज धरली, तू धरली. तुले वाटलं असतं, म्हातारपणी आत्या बाटली."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तिला दिसणार नव्हतंच. तिनं जन्मभर पाळलं ते मी तिची आवड समजून बसलो होतो. उंबरठा मोजला, विहिरीची पावलं मोजली. तिला काय पाहिजे, हे तिला एकदाही विचारलं नाही.

"मला वाढ," मी म्हणालो.

"इथं? माह्याजवळ?"

"तुझ्याजवळ."

तिनं चाचपडत दुसरं ताट काढलं. पहिला घास तिनं माझ्याबरोबर घेतला. दात नव्हते, ती भात जिभेनं टाळूला दाबून खायची. माझ्या वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मला हे कळलं.

आश्रमाला त्याच दिवशी पत्र टाकलं. जागा व्हायला हिवाळा उजाडला. काकांनी कळल्यावर माझ्याशी बोलणं टाकलं. तिला पोचवायला गेलो तेव्हा पायऱ्या तशाच उंच होत्या आणि कौलं तशीच सरकलेली. घंटा झाली. लमाणीण अजून होती, आणि ती पुन्हा सरकली. आत्याला बसताना वेळ लागला, गुडघे वाकत नव्हते. एकदा बसल्यावर मात्र तिनं शेजारणीला काहीतरी विचारलं, मग पलीकडचीनं काही सांगितलं, आणि तिघी हसल्या. कशावर, ते मला ऐकू आलं नाही.

"आत्या, मी निघतो," मी दोनदा म्हणालो. पंगतीच्या गलबल्यात तिला कळलं नाही. तिसऱ्यांदा मी म्हणालो नाही.

दारव्ह्याला पोचेस्तोवर दिवे लागले होते. खाणावळीतून डबा आणला, पाट मांडला. या घराच्या सवयीनं हात दाराकडे गेला आणि कडी लावली. मग बसल्यावर घरभर एवढी शांतता झाली की मी उठून कडी काढली, दार उघडं ठेवलं आणि रस्त्याकडे तोंड करून जेवायला बसलो.